तिकडचे सर

टायरच्या दुकानाशेजारून एक अरुंद जिना वर जातो. त्याच्या तोंडाशी मोठा फलक लावलाय. फलकावर एका गृहस्थाचा हसरा चेहरा आहे. केस दाट, हनुवटी एकच, गळ्यात निळा टाय. खाली लिहिलंय की पाच परिचारिकांपैकी चौघींची जर्मनीतल्या इस्पितळात निवड झाली आणि याचं सगळं श्रेय सरांच्या आधुनिक अध्यापनाला. पाचवीचं काय झालं, ते फलकावर नाही. पाचवी या गृहस्थाची सख्खी भाची. तिचं काय झालं ते सांगायचं, तर आधी या गृहस्थाविषयी सांगावं लागतं. सांगण्यासारखं त्याच्यात फारसं काही नाही, पण इलाज नाही.

भाची त्याला मामा म्हणायची आणि तिची आई त्याला बाळ म्हणायची. बाळाने पन्नाशी ओलांडली, पोट सुटलं, केसांना कलप लागला, तरी तो बाळच राहिला. आईबाप लवकर गेले, तेव्हा ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं. स्वतः शाळा सोडून ती शिवणयंत्रावर बसली आणि याला शिकवलं. शेजारच्या मुलाने काच फोडली तर तो वांड, आणि बाळाने फोडली तर ती काचच तकलादू. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण कोणीतरी याच घरात बसून केली असावी. पुढे कॉलेजात जर्मन विषयाच्या जागा रिकाम्या होत्या म्हणून त्याला जर्मन मिळालं. भाषेची ओढ वगैरे त्याने नंतर जोडलेली कथा.

शिक्षक झाल्यावर एकदा, दुसऱ्याच्या खर्चाने, शिक्षकांच्या घोळक्यात तो जर्मनीला जाऊन आला. एक बस, दोन वस्तुसंग्रहालयं, एक किल्ला आणि एक हॉटेल. मामी सांगायची की त्यातही निम्मा वेळ ह्यांचं पोट बिघडलेलं, त्यामुळे ह्यांनी जर्मनी पाहिली ती न्हाणीघराच्या खिडकीतून. पण एवढ्या भांडवलावर त्याने सगळं आयुष्य रेटलं. 'तिकडे' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे. तिकडे लोक वेळ पाळतात. तिकडे कोणी मोठ्याने शिंकत नाही. तिकडे फळा ओल्या फडक्याने पुसतात. मुली पाठीमागे त्याला 'तिकडचे सर' म्हणू लागल्या. ते त्याच्या कानावर गेलं, तेव्हा हे कौतुकच आहे असं त्याला वाटलं.

क्लासाची खोली एकच. हाताला फळी असलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, छताला टांगलेला प्रोजेक्टर, आणि खालून येणारा रबराचा वास. दुकानातला हवा भरायचा पंप सुरू झाला की वर कोणाचं काही ऐकू यायचं नाही. मग सर हात वर करून गप्प उभे राहायचे, जणू त्यांच्या तोंडून काहीतरी मौल्यवान निघायचं होतं आणि जग तयार नव्हतं. खरं तर ते जुन्या पुस्तकातलं पान वाचून दाखवत असत. मुलींनी ते म्हणायचं, वहीत उतरवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायचं. कोणी शंका विचारली की सर म्हणायचे, हे पुढच्या धड्यात येईल. पुढच्या धड्यात ते येत नसे. गावात दुसरा क्लास नव्हता, आणि वासरांत लंगडी गाय शहाणी असते.

भाची परिचारिका होती. एका खासगी इस्पितळात तिने काही वर्षं काढली होती. तिथे पेशंटच्या रक्तदाबापेक्षा डॉक्टरांच्या चहाची काळजी जास्त घ्यावी लागे, आणि कोणीही उठून 'ए सिस्टर' म्हणून हाक मारी. ती कामात चोख होती आणि हे तिला माहीत होतं. हट्टीही होती. काम येतं म्हणून जिथे काम करू देतील, अशा ठिकाणी तिला जायचं होतं. एका जर्मन इस्पितळाला परिचारिका हव्या होत्या. आधी भाषेची परीक्षा, मग इस्पितळाची मुलाखत. मुलाखतीत नकार आला तर पुढे काही वर्षं त्या दारावर थाप मारायची सोय नव्हती. तिने नोकरी सोडली आणि मामाच्या क्लासात नाव घातलं. घरात मामा असताना पोर दूरच्या शहरात शिकायला गेली असती, तर आईने आठवडाभर अन्न गोड लागू दिलं नसतं.

पहिल्याच दिवशी मामाने तिला जिन्यात गाठून सांगितलं की इथे मामा नाही, सर म्हणायचं, आणि तू नाही, तुम्ही. तिने मान हलवली. घरी तू, क्लासात तुम्ही. एका माणसाची दोन माणसं करायची सवय तिला तेव्हापासूनच लागली.

आणि मग एआय आलं.

कोणीतरी त्याला दाखवलं की फोटो द्यायचा, मजकूर लिहायचा, भाषा निवडायची, की फोटोतला माणूस ओठ हलवून त्या भाषेत बोलू लागतो. ते पाहून मामाचे डोळे असे चमकले की ताईच्या हातचे शिवलेले नवे कपडे मिळाल्यावरही कधी चमकले नसतील. यंत्राने एक चांगला शिक्षक बिघडवला, असं कृपा करून कोणी समजू नये. बिघडायला मुळात होतं काय? उलट यंत्राने मुलींना पहिल्यांदा जर्मन ऐकवलं.

फोटो कुठला द्यायचा, यावर दोन दिवस विचार झाला. ओळखपत्रावरच्या फोटोत तो तुरुंगातून सुटून आल्यासारखा दिसे. शेवटी भाचीच्याच पदवी समारंभातला एक निघाला. त्या दिवशी कोणीतरी चुकून त्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं, आणि त्या आनंदात त्याचे सगळे दात बाहेर आले होते. यंत्राने पोट काढून टाकलं, केस वाढवले, टाय बांधला. भिंतीवर तो चेहरा उमटला आणि खणखणीत जर्मनमध्ये सुप्रभात म्हणाला, तेव्हा मामा स्वतःकडे इतका वेळ बघत राहिला की मामी दारातून म्हणाली, "हे पाहुणे कोण? जेवायला थांबणार आहेत का?"

त्यानंतर सरांनी शिकवणं असं सोडूनच दिलं. मजकूर यंत्र लिही, चित्रं यंत्र काढी, बोले यंत्र. टाइप करायचं काम भाचीकडे, कारण ती घरची. सर मागच्या खुर्चीत बसून रिमोटचं बटण दाबत. विभक्तीप्रत्ययांचं एक गाणंही यंत्राकडून करून घेतलं होतं. चाल इतकी उडती की भाजी चिरताना भाचीच्या तोंडात येई. पेशंटची चित्रं मात्र पाहण्यासारखी असत. सगळे पेशंट देखणे. ऐंशीच्या आजीबाई, पण हात विशीतल्या मुलीचे. एकदा सलाईनची नळी सरळ उशीत गेलेली होती, आणि पाचही जणी परिचारिका असल्यामुळे हसून हसून लोळल्या. सरांना त्यात काही गैर दिसलं नाही. ते म्हणाले, तिकडे आता असंच असतं.

तरीही मुली शिकल्या, हे कबूल केलंच पाहिजे. भिंतीवरचा सर पंप सुरू झाला तरी थांबत नसे, दहा वेळा विचारलं तरी कपाळाला आठी घालत नसे, आणि त्याचे उच्चार खऱ्या सरांपेक्षा शंभर पटीने स्वच्छ होते. भाचीने ते व्हिडिओ मोबाइलमध्ये भरून घेतले. आई शिवणयंत्रावर बसली की ही खिडकीपाशी कानात इयरफोन घालून बसे आणि मामाच्या ओठांबरोबर ओठ हलवी. भाषेची परीक्षा पाचही जणी पास झाल्या. सरांनी ते यश असं स्वीकारलं, जणू पेपर त्यांनीच लिहिले होते.

मुलाखतीच्या तयारीत एक धडा होता. पेशंट दगावला आहे आणि त्याच्या घरच्यांना ते सांगायचं आहे. इस्पितळाने आधीच कळवलं होतं की असा प्रसंग मुलाखतीत करून दाखवावा लागेल. यंत्राने मजकूर चांगला लिहिला होता. आधी बसवा, मग साध्या शब्दांत सांगा, मग थांबा. भाचीने तो टाइप केला आणि व्हिडिओ लावून पाहिला. मामाचा चेहरा भिंतीवर आला आणि दात दाखवत म्हणाला की मला सांगायला वाईट वाटतं, पण तुमचे वडील आज पहाटे गेले.

यंत्रात चेहऱ्याचा भाव बदलायची सोय होती. एक टिचकी मारली की प्रसन्न जाऊन गंभीर येई. तिने गंभीर करून दाखवलं. चेहरा खाली उतरला, गालाच्या पिशव्या लोंबल्या, दुसरी हनुवटी कुठूनशी परत आली. भिंतीवर आत्ता खराखुरा मामा बसला होता. मामाने झटक्यात रिमोट ओढून घेतला.

"हे पुस. पहिलंच ठेव."

"मामा, माणूस गेल्याचं सांगायचंय यात. आणि तू हसतोयस."

"सर म्हण. आणि तुला काय माहीत? तिकडे लोक गळा काढून रडत नाहीत. वाईट बातमीसुद्धा हसऱ्या चेहऱ्याने सांगतात, समोरच्याला धीर येतो. मी राहून आलोय तिकडे."

तिला ते पटलं नाही. तिने इस्पितळात माणसं जाताना पाहिली होती, आणि हसून सांगणारा एकही शहाणा तिथे तिला भेटला नव्हता. पण ते इथलं. तिकडचं तिला काय ठाऊक? जो गेला नाही, त्याने जाऊन आलेल्याशी कसं भांडायचं? आणि तो मामा होता. आपला चेहरा म्हातारा दिसू नये एवढ्यासाठी माणूस अख्ख्या देशाच्या गळ्यात एक रीत बांधेल, असं कोणाला वाटेल?

मग सरांना स्वतःचीच थाप आवडली. त्यांनी तो नियमच करून टाकला. मुली जोडीजोडीने समोरासमोर बसत, एक परिचारिका होई, दुसरी मेलेल्याची मुलगी, आणि सर मागून ओरडत, चेहरा, चेहरा, भिंतीकडे बघा. एकीचं हसू ओसरलं की तिला पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लावत. पाच जणी रोज हसत हसत पहाटे गेलेल्या बापांची बातमी देत राहिल्या. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण याने उंटसुद्धा भाड्याने आणला होता.

मुलाखत क्लासातच झाली, व्हिडिओ कॉलवर, त्याच भिंतीवर. मुली बाहेर जिन्यात रांगेने बसल्या. सरांनी भाचीला पहिली पाठवली. क्लासात सगळ्यात चांगलं जर्मन तिचं होतं आणि ती चमकली की सरांचीही छाती फुगणार होती. आत जाताना तिच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, चेहरा सांभाळ.

भिंतीवर तिघं होते. एक मुख्य परिचारिका, आखूड पांढऱ्या केसांच्या बाई. एक कचेरीतले गृहस्थ. आणि एक डॉक्टर, ज्यांचं लक्ष बहुतेक कागदांत होतं. सुरुवातीचं सगळं सुरेख झालं. शिक्षण, अनुभव, जखमेची देखभाल, औषधांची वेळ. तिच्या जर्मनला गृहस्थांनी मान डोलावली. मग त्या बाई म्हणाल्या की आता मी मुलगी, माझे वडील तुमच्या वॉर्डात होते आणि आज पहाटे गेले. सांगा मला.

तिने खुर्ची पुढे घेतली. त्यांना बसायला सांगितलं. आणि शिकवल्याप्रमाणे ओठ फाकवून, दात दाखवून तिने ती बातमी सांगितली.

बाईंनी हात वर केला. त्या रागावल्या नव्हत्या. त्या खरोखर बुचकळ्यात पडल्या होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही हसलात का? भाचीच्या तळहातांना घाम सुटला, पण जर्मन सुटलं नाही. तिने स्वच्छ सांगितलं की तुमच्याकडे अशी बातमी हसऱ्या चेहऱ्याने देतात असं आम्हाला शिकवलंय. आमच्या सरांनी, ते तुमच्या देशात राहून आलेत. डॉक्टरांनी पहिल्यांदा कागदातून मान वर काढली.  बाई म्हणाल्या, तुमचे सर तिथे असतील तर त्यांना बोलवा. तसं शिकवलं असेल, तर त्यात तुमचा दोष नाही. मग आपण हा प्रसंग पुन्हा करू, न हसता.

पुन्हा करू. हे दोन शब्द ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. ती धावत दारापर्यंत गेली आणि मामाला हाक मारली. सर म्हणायचं ती विसरली.

तो आत आला. वर कोट, टाय. खाली घरच्या रबरी चपला, कारण कॅमेऱ्यात त्या येणार नव्हत्या. भिंतीवर तीन अवाढव्य चेहरे त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांची भाषा आता रिमोटने थांबवता येण्यासारखी नव्हती. तो हसला. बाईंनी सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, की मृत्यूची बातमी हसत सांगावी असं तुम्ही शिकवलंत का?

हो, चूक माझी. त्याला एवढंच म्हणायचं होतं. क्षमा मागायचा धडा पुस्तकात अगदी सुरुवातीला आहे, प्रत्येक बॅचला त्याने तो घोकून घेतला होता. भाची त्याच्या ओठांकडे बघत होती.

"नाही," तो जर्मनमध्ये म्हणाला. "असं मी कधीही शिकवलेलं नाही. ही माझी नातेवाईक आहे, म्हणून हिला बॅचमध्ये घेतलं. हिचं लक्ष नसतं. आणि चूक झाली की ती दुसऱ्यावर ढकलते."

कित्येक महिने भिंतीला बोलू दिल्यानंतर त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं सलग जर्मन. आवाज जड होता, अडखळत होता, पण वाक्यं बरोबर होती. तिला एकेक शब्द कळला. त्याच्याच क्लासात शिकली होती ना.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि खाली काहीतरी लिहिलं. हसणं त्यांनी माफ केलं असतं. खोटं बोलणारी परिचारिका कोणाला हवी असते? त्यांनी तिचे आभार मानले आणि पुढच्या मुलीला पाठवायला सांगितलं. भाचीला बोलायचं होतं, शब्दही होते, पण मामा तोवर दार उघडून उभा होता आणि तिला बाहेर जायची खूण करत होता.

जिन्यात चौघी उठून उभ्या राहिल्या. ती त्यांना म्हणाली, हसू नका. ती बातमी सांगताना अजिबात हसू नका. एकजण म्हणाली की अगं, पण सर तर म्हणाले होते. ती म्हणाली, सरांचं राहू दे. तिने हे सांगितलं नसतं तर चौघीही तिच्या पाठोपाठ आपटल्या असत्या, आणि तो फलक छापायची वेळच आली नसती. पण तिच्या मनात ते आलंही नाही. असला हिशोब करायला माणूस वेगळ्या हाडाचा लागतो.

सगळ्या गेल्यावर तिने त्याला खाली टायरच्या दुकानापाशी गाठलं. तो घामाघूम होऊन रुमालाने मान पुसत होता. आता टाय सैल झाला होता आणि पोट पुन्हा कोटाबाहेर आलं होतं.

"मामा, तू असं का सांगितलंस त्यांना?"

"अगं, समजून घे ना. मी हो म्हटलं असतं तर क्लासचंच नाव गेलं असतं. त्या चौघी परक्या आहेत, त्यांचे आईबाप मला धरतील. तू काय, तू घरचीच आहेस."

आणि तो हसला. या हसण्यात लाज नव्हती, कपट नव्हतं, खरं म्हणजे काहीच नव्हतं. तिला त्याची शिसारी आली. लहानपणी ज्या मामाच्या खांद्यावर बसून ती फिरली होती, तो हाच, आणि तो तेव्हाही असाच असणार. फक्त ती खांद्यावर होती म्हणून तिला त्याचं तोंड दिसलं नव्हतं. ती घराकडे चालू लागली.

ती पोचायच्या आत त्याचा आईला फोन झालेला होता. आई भारावून सांगत होती की बाळ तुझ्यासाठी त्या गोऱ्या लोकांशी किती भांडला, मी नसतो तर पोरीचं काही खरं नव्हतं म्हणाला. भाचीने ऐकून घेतलं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. निकाल अजून यायचा होता. बाईंनी कदाचित वेगळंच काही लिहिलं असेल, डॉक्टरांनी कदाचित तिची बाजू घेतली असेल. आणि निवड झालीच, तर आईचा बाळ आईजवळ तसाच राहणार होता. आईने आयुष्यात दुसरं कमावलं तरी काय होतं?

निकाल क्लासच्या पत्त्यावर येणार होता, म्हणजे मामाकडे. चौघींपैकी कोणाला त्याने फोन केला, कोणाला बोलावून घेतलं. घरच्या पोरीला तेवढं तोंड दाखवायचं त्याच्याने झालं नाही. मामाचं घर दोन गल्ल्या पलीकडे. चालत यायला आळशी माणसालाही वेळ लागत नाही. पण इतक्या महिन्यांत स्वतःच्या तोंडाने काही सांगायची त्याची सवयच मोडली होती, आणि वाईट बातमी तोंडावर सांगणं तर त्याला पहिल्यापासून कधी जमलं नव्हतं.

भर सकाळी भाचीच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. आई यंत्रावर कोणाचातरी पडदा शिवत होती, खडखडाटात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून भाचीने इयरफोन लावले. दाट केसांचा, निळ्या टायचा, एका हनुवटीचा मामा आला. या खेपेला तो मराठी बोलत होता, पण मराठीही परक्या मुलखातून शिकून आल्यासारखी. प्रिय विद्यार्थिनी, असं म्हणाला. आपली निवड होऊ शकली नाही हे कळवण्यात येत आहे, असं म्हणाला. अपयश ही यशाची पहिली पायरी असते, असंही म्हणाला. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचे सगळे दात दिसत होते.

आईने मान वर करून मोबाइलकडे पाहिलं. शिवणयंत्राच्या पॅडलवरचा तिचा पाय थांबला. तिचा चेहरा एकदम उजळला.

"बाळ ना हा? हसतोय, म्हणजे झालं ना गं तुझं काम?"

भाचीने मोबाइल पालथा ठेवला. इयरफोन काढले. स्टूल ओढून ती आईच्या समोर बसली, तिच्या हातातली कात्री काढून बाजूला ठेवली आणि तिचे दोन्ही हात धरले. हसली नाही, रडलीही नाही.

"आई, माझी निवड झाली नाही. मी जाणार नाहीये."

मग ती थांबली. धीराचं बोलली नाही, कारणं दिली नाहीत. आईला ते कळेपर्यंत नुसती समोर बसून राहिली. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना जे पाहायचं होतं ते नेमकं हेच, पण त्या इथे नव्हत्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने पदराने टिपलं, आणि मग म्हणाली की अगं, पण बाळ तर हसत होता. तेव्हा भाचीने तिला दुसरी बातमी सांगितली. ती पहिलीपेक्षा जड होती, म्हणून आणखी सावकाश सांगितली. बाईंनी काय विचारलं, बाळ काय म्हणाला, आणि खाली टायरच्या दुकानापाशी काय म्हणाला.

आईने पडद्याच्या कापडावरून हात फिरवला.

"तू घरचीच आहेस, असं म्हणाला?"

"हो."

आईने त्याला फोन लावायला सांगितला. ती म्हणाली, इथे येऊन माझ्यासमोर बसू दे आणि काय सांगायचंय ते तोंडाने सांगू दे. फोन वाजला, वाजत राहिला, आणि पलीकडून कापला गेला. भाचीने पुन्हा लावला. पुन्हा कापला गेला. मग थोड्या वेळाने मोबाइल किणकिणला आणि त्यावर तोच हसरा चेहरा आला. ताईसाठी संदेश आहे, असं खाली लिहिलं होतं.

भाचीचं बोट पुढे झालं, तसा आईने त्यावर हात ठेवला. तिने तो व्हिडिओ लावू दिला नाही.

"याला बोलायला मी शिकवलं होतं," ती म्हणाली.